कुळथाचा डबा

परवा रात्री साडेनऊच्या सुमाराला धाकट्या भावाचा पोर्टलंडहून फोन आला. तिथं सकाळचे नऊ. एवढ्या सकाळी त्याचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. एक तर घरात कुणी आजारी असतं, नाही तर त्याचं आणि पोस्टमनचं पुन्हा वाजलेलं असतं. "दादा, तो आयकना मरे!" एवढं कानावर पडलं आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे सगळे सुखरूप होते. २००९ सालचं भांडण तेवढं अजून चालू होतं.

भांडण एका डब्यावरून आहे. जमीनजुमला नाही, पैसाअडका नाही, जंगलात ठेवलेला एक हिरवा लोखंडी डबा. आणि त्या भांडणाच्या मुळाशी मी आहे. घरच्यांखेरीज हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज इथं लिहून टाकतो.

जिओकॅशिंग हा प्रकार तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. मला तरी २००९ पर्यंत नव्हता. भावाने फोनवर 'कॅश शोधायला जातो' असं म्हटलं की मला वाटायचं, या पोराचं अमेरिकेत पैशाचं काही तरी बिनसलंय. प्रत्यक्षात खेळ अगदी साधा. कुणी तरी रानात, पुलाखाली, बागेतल्या बाकाखाली एक डबा लपवतो. त्यात एक वही असते. डब्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश तो जाहीर करतो. आपण जीपीएस घेऊन जायचं, शोधायचं, वहीत सही करायची, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी येऊन संगणकावर 'सापडला' अशी नोंद करायची. नकाशावर त्या ठिकाणी एक पिवळा हसरा चेहरा उमटतो. नाही सापडला तर निळा, दुर्मुखलेला. झालं! बक्षीस नाही, पंच नाही, शिट्टी नाही.

याची जन्मवेळसुद्धा ठाऊक आहे. नागरी जीपीएसमध्ये अमेरिकन लष्कराने मुद्दाम चूक घालून ठेवलेली असायची, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने इकडेतिकडे दिसायची. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ती चूक काढून टाकण्याची घोषणा केली आणि मध्यरात्री ती निघाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक बादली लपवली. तिच्यात पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक टिन असलं काहीबाही होतं. जागेचे आकडे त्याने इंटरनेटवरच्या एका चर्चागटावर टाकले. नियम तीनच होते. काही तरी घ्या, काही तरी ठेवा, वहीत लिहा. काही दिवसांतच माइक टीग नावाच्या माणसाने ती शोधून काढली. त्याच वर्षी २ सप्टेंबरला जेरेमी आयरिशने याचं संकेतस्थळ सुरू केलं तेव्हा जगात पंचाहत्तर डबे होते. २०१७ मध्ये ते तीस लाखांवर गेले.

डबे वाढले तसे नियमही वाढले. दोन डब्यांमध्ये १६१ मीटर अंतर हवं, जमिनीच्या मालकाची परवानगी हवी, पुरून ठेवायचा नाही. (अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानवाल्यांना सुरुवातीपासून हे डबे नकोच होते.) आणि नियम आले की भांडणं आली. हे आम्हा गोवेकरांना कुणी शिकवायला नको.

मी आमच्या अंत्रुजातल्या एका देवस्थानचा काही वर्षं सचिव होतो. महाजनांची आमसभा ज्याने पाहिली नाही त्याला संसदेचं कौतुक वाटतं! अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार, सचिव, आणि समोर दीडशे महाजन. त्यातले शंभर जण फक्त पालखीला पहिला खांदा कुणाचा एवढ्याचसाठी आलेले. एका सभेत मला हजेरीच्या वहीत एक सही संशयास्पद वाटली. ते गृहस्थ त्या दिवशी मुंबईत होते, सही त्यांच्या पुतण्याने केली होती. मी भर सभेत वही वर धरली, ती सही लाल शाईने खोडली आणि इतिवृत्तात नोंद केली. त्या घराने पुढे दोन वर्षं माझ्या घरच्या गणपतीला पाऊल टाकलं नाही. मला मात्र स्वतःचा मोठा अभिमान वाटत होता. हा प्रसंग लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

तर २००९ च्या जूनमध्ये, निवृत्तीनंतर, मी पहिल्यांदा भावाकडे गेलो. तिथल्या डबेवाल्यांची (माझा शब्द!) महिन्याची बैठक एका पिझ्झाच्या दुकानात असायची. तीसेक माणसं असतील. दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांना, म्हणजे हा खेळ न खेळणाऱ्या तमाम मानवजातीला, ते 'मगल' म्हणत. हॅरी पॉटरमधून उचललेला शब्द. पिझ्झा यायच्या आतच भांडणाला तोंड फुटलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

भांडण ताजं होतं. तोवर डब्याचा मालक वाटेल ती अट घालू शकत असे. नोंद कवितेत करा, डोक्यावर विचित्र टोपी घालून फोटो टाका, नाही तर तुमची नोंद खोडीन. एप्रिल २००९ मध्ये कंपनीने हे बंद केलं. वहीत सही असेल तर डबा सापडला. त्यापलीकडची कुठलीही अट ऐच्छिक. मालकाला त्या कारणावरून नोंद खोडता येणार नाही.

माझा भाऊ या बदलाने पेटला होता, कारण त्याचा स्वतःचा डबा असा अटीचाच होता.

माउंट हूडच्या वाटेवर, वनखात्याच्या जंगलात, अडीच तास चढून गेल्यावर येणाऱ्या एका टेकाडावर त्याने तो ठेवला होता. सैन्यात काडतुसं ठेवतात तसली हिरवी पेटी. नाव 'कुळथाचा डबा', अर्थात इंग्रजीत. आमची आजी पैसे कुळथाच्या डब्यात ठेवायची. घरात चोर शिरला तरी कुळीथ कोण नेणार, असा तिचा हिशेब. गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज नोटा बदलून घ्यायची मुदत आली आणि गेली. त्यानंतर कधी तरी पिठी करायला म्हणून डबा रिकामा केला तर तळाशी एस्कुदोंची घडी! स्वतःच लपवलेले पैसे आजी विसरून गेली होती. पुढे कित्येक सुट्ट्या आम्ही पोरं त्या नोटांनी दुकान-दुकान खेळलो. ही हकिगत भावाने डब्याच्या माहितीत लिहिली होती आणि खाली अट घातली होती की तुमच्या घरात कुणी काय लपवलं होतं ते लिहा, नाही तर नोंद राहणार नाही.

लोकांनी काय काय लिहिलं होतं म्हणून सांगू! कुणाच्या आजोबांनी दारूबंदीच्या काळात विहिरीत सोडलेल्या बाटल्या, कुणाच्या आईची पियानोत ठेवलेली पत्रं. एका बाईने दोनच ओळी लिहिल्या होत्या. बापाने आपलं दुसरं कुटुंब लपवलं होतं, ते त्याच्या अंत्यविधीला सापडलं. भाऊ रात्री जेवण झाल्यावर हे मला वाचून दाखवायचा. एप्रिलनंतर मात्र चार अक्षरी नोंदी येऊ लागल्या, टी एफ टी सी. म्हणजे, डब्याबद्दल आभार. पानावर एखादा डास चिरडल्यासारखी ती अक्षरं दिसायची.

"सही म्हणजे नुसती हजेरी," भाऊ त्या बैठकीत म्हणाला. "मी काय हजेरी घ्यायला डोंगरावर पेटी ठेवली?"

त्याला उत्तर दिलं ते पोस्टमनने. हा त्याचा सगळ्यात जवळचा मित्र. तिथल्या टपालखात्यातून निवृत्त झालेला, उंच, किंचित वाकलेला, पायाला भिंगरी लागल्यासारखा हिंडणारा. तो शांतपणे म्हणाला, "पत्र पोचलं की पोस्टमनचं काम संपलं. आत काय लिहिलंय, पुरेसं लिहिलंय का, हे त्याने बघायचं नसतं." सगळे हसले. भाऊही हसला. पण मला दोघांचंही पटलं होतं आणि ते मला अडचणीचं वाटलं.

त्या बैठकीत आणखी एक प्रकार कळला. मोठ्या मेळाव्यांच्या वेळी लोक त्या दिवसापुरते डबे मांडायचे आणि प्रत्येक डब्यामागे 'मेळाव्याला हजर' अशी एकेक नोंद करायचे. म्हणजे एकाच मेळाव्याला एकच माणूस वीस वेळा हजर! एका गृहस्थांचा आकडा पाच हजारांवर होता आणि त्यांच्या मागे कुजबुज चालायची की त्यातले निम्मे असेच. (पुढे कंपनीने एका डब्यावर एका माणसाची एकच 'सापडला' नोंद, अशी यंत्रातच सोय केली.) कुजबुज ऐकून मला सभामंडपाच्या मागच्या खांबाची आठवण झाली. आमच्याकडे ती तिथे चालते.

भाऊ नोकरीवर असायचा, म्हणून एका मंगळवारी पोस्टमन मला 'कुळथाचा डबा' दाखवायला घेऊन गेला. त्यालाही तो अजून शोधायचा होता. भावाने माझ्या नावाने खातं उघडून दिलं होतं आणि घराजवळचे अकरा डबे माझ्या नावावर जमा झाले होते. हा बारावा व्हायचा होता.

चढण माझ्या अंदाजापेक्षा वाईट होती. उंच डग्लस फर, खाली शेवाळ, पाऊल टाकावं तिथे रुतणारं. दाट झाडीत उपग्रहांचे संदेश नीट पोचत नाहीत. यंत्रातला बाण आम्हाला पुढे न्यायचा आणि पुढे गेलो की मागे वळायचा. आम्ही दोन तास शोधलं. पडलेल्या ओंडक्यांखाली, मुळांच्या खोबणीत, दगडांमागे. माझे गुडघे बोलायला लागले होते. शेवटी पोस्टमन एका ओंडक्यावर बसला, बूट काढून त्यातला कचरा झटकला आणि म्हणाला, "डी एन एफ लिहू या." म्हणजे, नाही सापडला. या लोकांत असा शिरस्ता आहे की नाही सापडला तर तसं प्रामाणिकपणे लिहावं. मालकाला कळतं की पेटी हरवली असेल, पुढच्याची खेप वाचते. पुष्कळ जण कमीपणा वाटतो म्हणून लिहीत नाहीत. पोस्टमन नेहमी लिहायचा.

आता मी काय केलं ते सांगतो. मी म्हटलं, "गोव्याहून आलो आणि सख्ख्या भावाचाच डबा सापडला नाही, हे बरं दिसेल का?"

हे मी हसत हसत म्हटलं. पण थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि जाकिटाच्या खिशातून कॅमेऱ्याच्या फिल्मची एक काळी डबी काढली. आत कागदाची गुंडाळी होती. असल्या डब्या तो लोकांचे फुटके डबे बदलायला जवळ बाळगायचा. "पेटी गेलेलीच असणार," तो म्हणाला, "तुझ्या भावाला पुन्हा चढायला नको." हे माझ्यासाठी बोललेलं वाक्य होतं, मला कळलं होतं. त्याने सही केली. मी खाली देवनागरीत केली. डबी ओंडक्याखाली सरकवली आणि आम्ही उतरलो.

रात्री भावाने विचारलं, "सापडला?" मी म्हटलं, "सापडला." "वही सुकी होती?" म्हटलं, "होती." पोस्टमनने नोंद केली ती चार अक्षरीच. मी मात्र भावाची हौस म्हणून अट पाळली, लांबलचक लिहिलं. सातवीत मी गणितात नापास झालो होतो आणि प्रगतिपुस्तक भाताच्या कणगीत खुपसून ठेवलं होतं. मास्तरांनी ते अजून दिलंच नाही, असं वडिलांना सांगितलं. पावसाळ्यानंतर भात काढलं तेव्हा उंदरांनी त्याचा गणिताचा भाग नेमका खाल्लेला होता! भावाला हे ठाऊक नव्हतं. थोरला भाऊ हुशार, अशीच त्याची जन्मभराची समजूत. वाचून तो इतका हसला की वहिनी काय झालं म्हणून बघायला आली. (धाकट्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो, आमच्या घरची रीत.) गोष्ट खरी होती. ती जिथे लिहिली होती ते सापडणं खोटं होतं.

मी परत आलो. सप्टेंबरमध्ये पोस्टमनने आपला हजारावा डबा केला. हजारावा म्हणून त्याने राखून ठेवली होती ती बीव्हरक्रीकची जागा, अल्मरची बादली जिथे होती तिथली. तिथे आता फलक लावलेला आहे आणि शेजारी एक डबाही असतो. भावाच्या घरापासून ते काही फार लांब नाही. मंडळी केक घेऊन गेली. फोटोत भाऊ पोस्टमनच्या खांद्यावर हात टाकून उभा आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस, बर्फ पडायच्या आत वही बदलावी म्हणून भाऊ टेकाडावर चढला. त्याची पेटी होती तिथेच होती. आत वही, वहीत आमच्या सह्या नाहीत. पेटीपासून दहा-बारा पावलांवर, ओंडक्याखाली, एक काळी डबी. आत मराठीतली सही.

तो फोन मी विसरणार नाही. "दादा, खरें सांग. तुवें डबो पळयल्लो?"

"ना," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याने तुला यात ओढायला नको होतं." इथे मी बोलायला हवं होतं. वाक्य अगदी जिभेवर होतं. पण त्याच्या आवाजात माझ्याविषयी एवढी कीव होती, गोव्याहून आलेल्या भोळ्या थोरल्या भावाविषयी, की मी ती घेतली आणि गप्प बसलो. "तुझी नोंदही काढावी लागेल हां," तो म्हणाला. मी म्हटलं, काढ.

त्याने दोन्ही नोंदी खोडल्या. माझे बाराचे अकरा झाले, त्याचं काही नाही. पण पोस्टमनच्या यादीतून जूनमधला एक गेल्याबरोबर पुढचे सगळे एकेक घर खाली सरकले. बीव्हरक्रीक झालं नऊशे नव्व्याण्णवावं. आणि हजारावा ठरला तो परतीच्या वाटेवर एका दुकानाच्या पार्किंगमध्ये केलेला. तिथे दिव्याच्या खांबाच्या बुडाशी पत्र्याचं झाकण असतं, घागऱ्यासारखं. ते उचललं की खाली डबी. असले डबे पोस्टमन 'रद्दी टपाल' म्हणायचा. केक कापला तो नऊशे नव्व्याण्णवाव्याचा!

त्याने भावाला एकदाच लिहिलं. नियमात आहे, वहीत सही असेल तर नोंद खोडता येत नाही. भावाने उलट विचारलं, वही कुणाची? तू खिशातून नेलेली? त्यानंतर दोघं बोलले नाहीत. बैठकीला एक आला की दुसरा यायचा नाही. आणि मी होतो तेरा हजार किलोमीटरांवर, सचिवपदावरून सन्मानाने निवृत्त, लाल शाईवाला.

दहा वर्षं गेली. खेळ कुठल्या कुठे गेला. भाऊ फोनवर सांगायचा. नेवाडाच्या वाळवंटातल्या एका हमरस्त्यावर हजारभर डब्यांची रांगच लावली होती, दर १६१ मीटरवर एक. एक जण गाडी हाकतो, दुसरा उडी मारतो, वहीत शिक्का मारतो, गाडीत बसतो, पुढचा डबा. दिवसाला शेकडो. काहींनी त्यातही युक्ती काढली. सापडलेली डबी उचलायची, त्या जागी आधीच शिक्का मारलेली ठेवायची, उचललेलीवर गाडीतच शिक्का मारून ती पुढच्या जागी. २०११ मध्ये तिथल्या रस्तेखात्याने अपघाताच्या भीतीने ती रांग काही काळ उठवायला लावली होती. दुसरीकडे, काही डबे नुसते नावाचे असतात, पेटी नसतेच. तिथल्या एखाद्या फलकावरचा मजकूर उत्तर म्हणून कळवायचा. तर लोक हजारो मैलांवरून, घरातून न हलता उत्तरं शोधून नोंदी करू लागले.

शिक्क्याचं ऐकलं तेव्हा मला आईची आठवण झाली. आई वहीत रामनाम लिहायची, रोज पहाटे, आडव्या-उभ्या चौकटींत. शेजारच्या काकींनी एकदा रबरी शिक्का करून आणला. तासात दहा पानं! आईने शिक्का हातात घेऊन पाहिला, परत दिला आणि मला हळूच विचारलं, "मग हात दुखतो का गे तिचा?" मी ही गोष्ट भावाला सांगितली तेव्हा तो फार खूश झाला. म्हणाला, हेच मी म्हणतो. मी फोन ठेवला आणि बराच वेळ पाणी पीत बसलो.

२०१९ मध्ये मी पुन्हा गेलो. भावाच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. 'कुळथाचा डबा' तीन वर्षं त्याने पाहिला नव्हता. वही भिजलीय, झाकण लागत नाही, अशा नोंदी आल्या होत्या आणि देखरेख करणाऱ्या स्वयंसेवकाने कळवलं होतं की महिनाभरात दुरुस्त करा, नाही तर डबा बंद करू. भाऊ म्हणाला, होऊ दे बंद. आणि दुसऱ्या खोलीत जाऊन टीव्ही लावला.

मी पोस्टमनला फोन केला. नंबर वहिनीकडे होता. बायकांनी संबंध तोडलेले नव्हते, हे तेव्हा कळलं. पंच्याहत्तरीला आलेला म्हातारा, एका शब्दाने न विचारता सकाळी सात वाजता गाडी घेऊन कोपऱ्यावर हजर. अडीच तासांच्या चढणीला आम्हाला साडेचार लागले. या खेपेला हातात नवीन यंत्र होतं, पण त्याने ते बघितलंच नाही. तो त्या ओंडक्यापाशी गेला, उभा राहिला, आजूबाजूला पाहिलं. मग दहा-बारा पावलं वर जाऊन एका कुजलेल्या बुंध्याच्या पोकळीत हात घातला. पेटी. गंजलेली, बिजागरी सुटलेली. २००९ मध्ये मी त्या बुंध्यावर बसून सँडविच खाल्लं होतं.

आम्ही जुनी वही प्लास्टिकच्या पिशवीत घेतली, नवी ठेवली, झाकणाला त्याने आणलेली रबरी पट्टी लावली. उतरताना मी विचारलं, इतकी वर्षं तू त्याला सांगितलं का नाहीस, की माझ्या आग्रहाने झालं? तो म्हणाला, "डबी माझी होती. सही मी केली." एवढंच. मग बराच वेळ आपल्या जुन्या टपालगाडीविषयी बोलत राहिला.

रात्री मी 'सापडला' अशी नोंद केली. अट आता ऐच्छिक होती, तरी पाळली. घरात कुणी काय लपवलं होतं? मी लिहिलं, २००९ च्या जूनमध्ये, मंगळवारी, तीन वेळा आग्रह करून मी काय करायला लावलं, आणि ऑक्टोबरात फोनवर काय बोललो नाही. मराठीतच लिहिलं. भाऊ शेजारच्या खोलीत होता, त्याच्या फोनवर टिंग वाजलं. टीव्हीचा आवाज बंद झाला. तो बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशीही माझ्याशी बोलला नाही, चहा वहिनीने आणून दिला. तिसऱ्या दिवशी न्याहारीला त्याने फक्त एवढंच विचारलं, "गणिताच्या मास्तरांचं तरी खरं होतं, की तेंय फट?"

तें खरंच होतं.

त्याने पोस्टमनला फोन केला. काय बोलले ठाऊक नाही, तो अंगणात जाऊन बोलत होता. पण संध्याकाळपर्यंत नवीन भांडण उभं राहिलं होतं! पोस्टमनने आमच्या खेपेची नुसती टीप लिहिली होती, 'वही बदलली, झाकण दुरुस्त'. टिपेला हसरा चेहरा मिळत नाही, आकड्यात धरत नाहीत. भाऊ म्हणाला, नोंद कर आणि तारीख २००९ चीच घाल. मी खोडणार नाही. म्हणजे तुझं बीव्हरक्रीक पुन्हा हजारावं होईल. पोस्टमन म्हणाला, २००९ मध्ये मला तो सापडला नव्हता. तूच म्हणालास. भाऊ म्हणाला, मग २०१९ ची घाल. तो म्हणाला, वही बदलायला गेलो होतो, खेळायला नाही. भाऊ म्हणाला, डबा माझा आहे, नोंद राहील की नाही मी ठरवणार. तो म्हणाला, सही आहे की नाही हे बघायचं, एवढंच तुझ्या हातात आहे, एप्रिल २००९ चा नियम वाच.

हे आजतागायत चालू आहे. भावाचा दुसरा गुडघाही झाला. आता दोघं सपाटीवरचे डबे बरोबर शोधतात आणि गाडीत येता-जाता हेच. मध्यंतरी भावाने पोस्टमनचं एकूण गणित नव्याने मांडून दाखवलं की २००९ ची तारीख घातली तर त्याचा दोन हजारावाही एका चांगल्या ठिकाणी पडतो. पोस्टमन म्हणतो, दिव्याचा खांब हाच माझा हजारावा, त्या खांबाखालचा दिवा चांगला आहे.

परवाच्या फोनला कारण असं झालं की भावाने कंपनीच्या मदतीच्या पानांवरून काही तरी नवं कलम शोधून काढलंय आणि ते आपल्या बाजूचं आहे असं त्याचं म्हणणं. पोस्टमन तेच कलम आपल्या बाजूचं म्हणतो. "दादा, तू सचिव होतास. तूंच सांग, कोण बरोबर?"

मागे पोस्टमनचा आवाज येत होता. म्हणजे तोही तिथंच, स्वयंपाकघरात, माझ्या निकालाची वाट बघत बसला होता. वहिनी कॉफी हवी का विचारत होती.

मी म्हटलं, गणसंख्या पुरी नाही. सभा तहकूब.